अडगळीतला संगणक : द्यावा कोणाला, टाकावा कोठे?

आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत, शाळेच्या मागच्या खोलीत किंवा घरातल्या माळ्यावर एखादा जुना संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला आढळतोच. घेतला तेव्हा तो तीस-चाळीस हजारांचा होता. त्याला हळद-कुंकू न लावता बुद्धवंदना म्हणून सुरू केला होता, पेढेही वाटले होते. आज त्याच्यावर सतरंज्यांचा ढीग आहे. भंगारवाल्याला किलोच्या भावाने द्यायला मन धजत नाही, आणि कोणाला द्यावा तर "हा काय कामाचा?" असे समोरचा म्हणेल अशी भीती वाटते. म्हणून तो तसाच पडून राहतो, आणि पडून राहिल्यामुळेच खरोखर निकामी होतो. या लेखात आम्ही त्या संगणकाचे काय करता येईल याचा विचार करणार आहोत. विषय रुक्ष आहे, पण आपल्या विद्यार्थ्यांशी आणि आपल्या कष्टकरी बांधवांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

वर्धा जिल्ह्यात ही अडगळ आली कोठून, हे आधी पाहू. राज्यात २००१ साली एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या गावांत संगणकाचे वर्ग निघाले. बँका आणि सरकारी कार्यालये संगणकावर आली. शाळांना आयसीटी योजनेतून संगणक प्रयोगशाळा मिळाल्या. ती कंत्राटे ठरावीक वर्षांची होती. मुदत संपली की शिकवणारा शिक्षक गेला, यंत्रे मात्र शाळेकडे राहिली. शिवाय हिशेबाच्या वहीत संगणकाचे आयुष्य फारच थोडे धरले जाते. कंपनी कायदा २०१३ मध्ये साध्या संगणकाचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे मानले आहे. आयकरात त्यावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे चौथ्या वर्षी वहीत त्याची किंमत जवळजवळ उरत नाही, पण टेबलावर तो ठणठणीत चालू असतो. आम्ही आकडेमोड करणाऱ्या खात्यातले असल्यामुळे सांगतो, वहीतला शून्य आणि यंत्राचा मृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अलीकडे यात आणखी एक भर पडली. विंडोज १० या प्रणालीला सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. (तारीख आपल्या लक्षात राहण्यासारखीच आहे!) पुढची विंडोज ११ ही प्रणाली साधारण २०१७ पूर्वीच्या बहुतेक संगणकांवर अधिकृतपणे चढत नाही. त्यामुळे धडधाकट यंत्रे केवळ प्रणालीपायी "जुनी" ठरून कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. सरकारी भाषेत याला निर्लेखन म्हणतात. जडसंग्रह नोंदवहीतून नाव कमी झाले की यंत्र खोलीबाहेर जाते. ते जाते कोठे, हा खरा प्रश्न आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे, ती येथे सांगण्यासारखी आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान केली. राजाला हे रुचले नाही. श्रमण आनंद एवढ्या चीवरांचे करतील काय, दुकान थाटतील काय, असे त्याला वाटले. त्याने जाऊन विचारलेच. आनंदांनी सांगितले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली त्यांना ही वाटून देऊ. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरण्याची पांघरणे. त्यांचे पुढे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? झटकणी. आणि जुन्या झटकण्यांचे? त्या फाडून, चिखलात मळून जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली.

या कथेत आम्हांस दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेला क्रम आहे. जी चादर होऊ शकते तिला कोणी थेट चिखलात मळत नाही. दुसरे म्हणजे दान देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे आणि घेणाऱ्याने तो न रागावता दिला आहे. आपल्या वर्धेच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघात जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातकागदासारखे उद्योग याच काटकसरीने चालवले. वैचारिक मतभेद आपल्या जागी राहोत, टाकाऊतून कामाचे काढण्याची ती शिस्त घेण्यासारखी होती.

संगणकालाही असाच क्रम लावता येतो. पहिला प्रश्न, तो आहे तसा दुसऱ्याच्या उपयोगी पडेल काय? येथे पुष्कळांची समजूत चुकीची असते. चित्रपट पाहायला किंवा मोठे खेळ खेळायला जुना संगणक अपुरा पडतो, हे खरे. पण आपल्या मुलामुलींना तो कशासाठी हवा आहे? लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाची अट असते. हा वेग मोबाईलच्या पडद्यावर अंगठा फिरवून येत नाही. त्याला दहा बोटांखाली खराखुरा कळफलक लागतो आणि रोजचा तास-दीड तास लागतो. टंकलेखनाला पंधरा वर्षांचा संगणकही पुरून उरतो. आता भरतीच्या लेखी परीक्षासुद्धा संगणकावर होतात. २०२३ ची तलाठी भरतीची परीक्षा तशीच झाली. वर्षभर पुस्तके घोकलेली समुद्रपूर किंवा आष्टी तालुक्यातली मुलगी परीक्षा केंद्रावर पहिल्यांदा माउस हातात धरत असेल, तर तिचे गुण ज्ञानापायी जात नाहीत, हाताच्या थरथरीपायी जातात. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचे, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला ठरावीक आकारात बसवून चढवायचा, एवढ्यासाठी विद्यार्थी सेतू केंद्रात किंवा नेट कॅफेत पैसे मोजतात. अभ्यासिकेत चालू स्थितीतला एक संगणक असेल तर हे सारे तेथेच होते.

असे काम प्रत्यक्षात झालेले आहे. बंगळूरच्या सुदर्शन ले-आउट या झोपडपट्टीत मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या मुलांसाठी संगणक केंद्र उभे केले आणि त्याला नाव दिले आंबेडकर सामुदायिक संगणक केंद्र. विकत घ्यावी लागणारी प्रणाली त्यांनी वापरली नाही. मोफत मिळणाऱ्या लिनक्सवर मुले संगणक शिकली, चित्रे काढू लागली. पुण्यात पूर्णम इकोव्हिजन ही संस्था नागरिकांकडून जुनी विजेरी उपकरणे गोळा करते आणि त्यातले दुरुस्त होण्याजोगे संगणक शाळांना व संस्थांना देते. आपल्याकडे एवढा व्याप नको. एका तालुक्यात चार चालू संगणक झाले तरी पुष्कळ आहे.

देण्यापूर्वी यंत्र देण्याजोगे करावे लागते. बहुतेक जुने संगणक किरकोळ कारणाने बंद पडलेले असतात. सुरू केल्यावर तारीख दरवेळी मागच्या कुठल्यातरी वर्षावर जात असेल, तर मदरबोर्डवरची रुपयाएवढी बॅटरी संपलेली आहे. ती घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळते. तारीख चुकली की संकेतस्थळे "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत, आणि लोक समजतात की इंटरनेट बिघडले! पडदा काळाच राहून नुसते बीप-बीप वाजत असेल तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसून परत बसवावे. दुरुस्तीवाले पहिल्यांदा हेच करतात. आत धूळ साचली असेल तर ब्रशने झटकावी. वीजपुरवठ्याचा डबा मात्र उघडू नये, बंद असतानाही त्यात विजेचा साठा राहतो. यंत्र फारच संथ असेल तर जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी घातल्यास ते दुपटीने चपळ झाल्यासारखे वाटते. जेथे विंडोज चालत नाही तेथे लिनक्स मिंटसारखी प्रणाली टाकावी. तिला २ जीबी रॅम किमान लागते, ४ जीबी असल्यास उत्तम. तिच्यात मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, पत्रलेखन व तक्त्यांसाठी लिबर ऑफिस मिळते आणि चोरीच्या प्रतींची भानगड राहत नाही. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेची तयारी करणाऱ्याने आपल्या संस्थेत कोणता कळफलक शिकवतात ते मात्र आधी विचारून घ्यावे.

यानंतरची बाब आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. आपल्या संस्थांच्या संगणकात काय काय असते याचा कोणी विचार केला आहे काय? सभासदांचे आधार कार्ड, मुलांचे जातीचे दाखले आणि वैधता प्रमाणपत्रे, बँक पासबुकाच्या प्रती. वधू-वर परिचय मेळाव्याची सारी पुस्तिका असते, तीत मुलींची छायाचित्रे, जन्मतारखा, पगार आणि वडिलांचे मोबाईल क्रमांक. फाइल पुसली की ती गेली असे आपण समजतो. वास्तविक संगणक फक्त अनुक्रमणिकेतली नोंद खोडतो, मजकूर जागच्या जागी राहतो. झटपट फॉरमॅट केले तरी तसेच होते. साध्या मोफत सॉफ्टवेअरने तो मजकूर परत काढता येतो. म्हणून फिरत्या डिस्कवर सगळीकडे शून्ये लिहून घेणारे साधन एकदा पूर्ण चालवावे. त्याला काही तास लागतात, पण एक फेरा पुरतो. एसएसडीला ही रीत खात्रीची नाही, तिला बनवणाऱ्या कंपनीच्या साधनातली पूर्ण पुसण्याची आज्ञा वापरावी. डिस्क बंदच पडली असेल तर ती काढून तिला ड्रिलने आरपार भोके पाडावीत. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी पुष्कळदा काचेची असते, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवा. बँकांत डिस्क नष्ट केल्याशिवाय यंत्र बाहेर जात नाही, तोच दंडक आपण पाळावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केंद्राने २०२३ मध्ये केला आहे. कायदा नसता तरी मेळाव्यात आपली मुलगी नोंदवणाऱ्या बापाचा विश्वास आहेच.

कागदपत्रांचेही थोडे सांगतो, कारण पुढे लेखापरीक्षक विचारतात. संस्थेचा संगणक द्यायचा असल्यास कार्यकारिणीत ठराव घ्यावा, जडसंग्रह नोंदवहीत शेरा मारावा आणि घेणाऱ्याची पोच जपून ठेवावी. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ ची पूर्वपरवानगी ही स्थावर मालमत्तेसाठी आहे, संगणक जंगम वस्तू आहे. तरीही नियमावलीत वेगळी अट नाही ना, ते पाहून घ्यावे. कोणी आपल्याला संगणक दिला तर पावतीवर वस्तूचे वर्णन लिहावे, रुपयांचा आकडा टाकून आयकर सवलतीची पावती फाडू नये. ती सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या देणगीला नाही.

आणि देणाऱ्यांना एक विनंती. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर येथे उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचे आवाहन केले. त्यात उरलेसुरले किंवा टाकलेले द्या असे कोठेही नव्हते. बंद पडलेले सहा संगणक शाळेच्या दारात उतरवून, हार घालून छायाचित्र छापून आणणारे दाते आपण पाहतो. शाळेला त्यांतून एकही चालू होत नाही, आणि मुख्याध्यापकाला ते टाकताही येत नाहीत, कारण आता ते नोंदवहीत चढलेले असतात. दात्याची अडगळ घेणाऱ्याच्या खोलीत गेली एवढेच त्यात घडते. म्हणून देण्यापूर्वी विचारावे : तुम्हाला हवा आहे काय, जागा व वीज आहे काय, बिघडल्यास पाहणारा कोणी आहे काय? दिल्यानंतर सहा महिन्यांनी जाऊन तो चालू आहे का हे पाहिले तर अधिक चांगले.

आता ज्यांची दुरुस्ती होतच नाही अशांकडे वळू. येथे आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. जुन्या डबा-मॉनिटरच्या काचेत किलो-दीड किलोपर्यंत शिसे असू शकते. आधीच्या पातळ पडद्यांच्या मागे पाऱ्याच्या बारीक नळ्या असत. सर्किटच्या पट्ट्यांवर शिशाचे डाग, तर काही टोकांवर अत्यल्प सोने असते. भंगारात गेलेल्या संगणकाचे तांबे काढण्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात. सोन्यासाठी पट्ट्या आम्लात बुडवतात आणि ते आम्ल नालीत ओततात. दिल्लीतील सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही नावे या कामासाठी कुप्रसिद्ध झाली. हे काम करणारे हात कोणाचे असतात? बहुधा बायका आणि मुले, आणि त्यात दलित व गरीब मुसलमान वस्त्यांतली माणसे फार. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले आणि पुढे मेली गुरे ओढण्याचे काम गावोगाव नाकारले गेले. दुसऱ्याची घाण काही ठरावीक माणसांनीच उपसावी ही जी रीत मोडण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी बहिष्कार सोसले, तीच रीत नव्या वेशात परत येत असेल तर ती आपल्या दारातून जाऊ नये.

जगाचा आकडाही मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विजेरी कचरा निघाला, आणि रीतसर गोळा होऊन त्याचा पुनर्वापर झाल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची आहे. श्रीमंत देशांनी असा कचरा गरीब देशांत लोटू नये म्हणून १९८९ साली बासेल करार झाला, तो १९९२ पासून लागू आहे. भारतात या विषयाचे स्वतंत्र नियम प्रथम २०११ साली झाले, ते मे २०१२ पासून अमलात आले. २०१६ मध्ये ते बदलले आणि आज २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. त्यांचा गाभा असा की ज्या कंपनीने वस्तू बाजारात आणली तिनेच ठरलेल्या प्रमाणात तिच्या पुनर्वापराची जबाबदारी घ्यावी. पुनर्वापर करणाऱ्याची आणि नूतनीकरण करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. वर्षात हजार किंवा अधिक उपकरणे वापरणाऱ्या मोठ्या ग्राहकांनी नोंदणीकृत ठिकाणीच माल दिला पाहिजे. आपली संस्था एवढी मोठी नाही, परंतु लहानांना सूट आहे म्हणून आपण वाट्टेल तेथे द्यावे असे होत नाही. नगर परिषदेवरही घरगुती कचऱ्यात मिसळलेला असा माल वेगळा काढून नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे पोचवण्याची जबाबदारी नियमांनी टाकली आहे. आपल्या नगर परिषदेला तसे लेखी विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. विद्यार्थ्यांनी हा अर्ज स्वतः लिहून पाहावा, सरावही होईल.

भंगारवाल्याला शत्रू समजावे असा याचा अर्थ नाही. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे २००८ मध्ये महापालिकेबरोबर काम करणारी स्वच्छ ही सहकारी संस्था आली. तेथे तीच माणसे ओळखपत्र घेऊन जुन्या वस्तू घरोघरून उचलतात. त्यांचे काम गोळा करण्याचे असते, फोडण्याचे व जाळण्याचे नाही. आपल्या भागातल्या फेरीवाल्यांनाही या वाटेने नेता येईल. तोवर त्यांना पत्र्याचा डबा, प्लॅस्टिक देण्यास हरकत नाही. मॉनिटर, पट्ट्या आणि वायरींचे भेंडोळे मात्र देऊ नये. यूपीएसमधली शिशाची बॅटरी वेगळी काढून बॅटरीच्या दुकानदारालाच द्यावी. नवी घेताना जुनीचे पैसे तो वजा करून देतो, आणि २०२२ च्या वेगळ्या बॅटरी नियमांनी उत्पादकांवर तिची जबाबदारी टाकली आहे.

जिल्ह्यातली खरी अडचण अंतराची आहे. दोन-तीन यंत्रांसाठी नोंदणीकृत कंपनीची गाडी नागपूरहून येणार नाही. यावर उपाय एकत्र येण्याचा आहे. वर्षावासात गावोगावच्या विहारांत ग्रंथवाचनासाठी उपासक-उपासिका जमतातच. त्या तीन महिन्यांत प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतली नोंद घ्यावी, कोणाकडे काय आहे, चालू की बंद. वस्तू तेथे आणून ठेवू नयेत, पावसाने भिजतात आणि मुले काचा फोडतात. आश्विन पौर्णिमेनंतर तालुक्याच्या ठिकाणी एकच दिवस ठरवावा. त्या दिवशी दुरुस्तीची जाण असलेले दोन तरुण बसवून चालण्याजोगी यंत्रे बाजूला काढावीत, डिस्का काढून घ्याव्यात, आणि उरलेला माल मोजून एकाच गाडीने पाठवावा. कोणाकडे पाठवायचा ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून कळते. त्यांचे प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर तपासावा. नुसते रंगीत प्रमाणपत्र दाखवले म्हणून विश्वास ठेवू नये. माल गेल्यावर वजन, नगांची संख्या आणि तारीख लिहिलेली पोच घ्यावी. पैसे मिळालेच तर ते अभ्यासिकेच्या खात्यात जमा करावेत, नाही मिळाले तरी पोच मात्र फाइलला लावावी. गाडीचे भाडे कोणी द्यायचे हे त्या दिवशी नव्हे, आधीच्या सभेत ठरवलेले बरे.